जॉनी कॅरी : एका शांत कर्त्याची हकीकत

ज्या घरांत दहापंधरा माणसें एका चुलीवर जेवतात, त्या घरांतील कर्त्या पुरुषाचा आवाज बहुधा फार मोठा नसतो. ज्याला वरचेवर ओरडावें लागतें त्याचें कोणी ऐकत नाहीं, आणि ज्याचें सर्वजण ऐकतात त्याला ओरडण्याची गरज पडत नाहीं, हा अनुभव आपल्यापैकीं बहुतेकांना आहे. परंतु अशा शांत माणसाच्या हातीं घराऐवजीं एखादी संस्था दिली आणि त्याच्या डोक्यावर घाईचा धनी बसविला, म्हणजे काय होतें? त्याचा शांतपणा गुण ठरतो कीं दोष? या प्रश्नाचा विचार करण्यास आयर्लंडांतील एका फुटबॉलपटूचें चरित्र फार उपयोगी पडण्यासारखें आहे. क्रिकेटच्या खेळाडूंचीं नांवें आपल्याकडील लहान मुलांनाहि पाठ असतात. जॉनी कॅरी हें नांव मात्र पुष्कळांनीं ऐकलेलें नसेल. म्हणून त्याची हकीकत थोडी विस्तारानें देत आहें.

कॅरीचा जन्म डब्लिन शहरीं २३ फेब्रुवारी १९१९ रोजीं झाला. लहानपणीं तो आयर्लंडचा देशी फुटबॉल खेळे; त्या खेळांत चेंडूला हात लावण्याची मुभा असते. पुढें तो सेंट जेम्सेस गेट या डब्लिनच्या संघांतून इंग्रजी पद्धतीचा खेळ खेळूं लागला. १९३६ सालीं मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधील संघाचा लुई रोका नांवाचा एक पारखी माणूस दुसऱ्याच एका खेळाडूस पाहण्यासाठीं डब्लिनला गेला होता. त्याची नजर या सतरा वर्षांच्या पोरावर पडली, आणि अवघे २५० पौंड मोजून त्याला मँचेस्टरला नेण्यांत आलें. तीन वर्षांत महायुद्ध पेटलें. आयर्लंड तटस्थ राहिल्यामुळें कॅरीवर लष्करी नोकरीची सक्ति नव्हती. तरीहि ज्या देशांत आपण भाकरी मिळवितों त्याच्यासाठीं लढणें योग्य, असें मानून तो ब्रिटिश सैन्यांत दाखल झाला व मध्यपूर्वेंत आणि इटलींत त्यानें नोकरी बजावली. उमेदीचीं सहा वर्षें अशीं गेलीं.

युद्ध संपलें तेव्हां युनायटेडची स्थिति दयनीय होती. १९४१ सालच्या बाँबवर्षावांत ओल्ड ट्रॅफर्ड हें त्यांचें मैदान उद्ध्वस्त झालें होतें, आणि १९४९ पर्यंत त्यांना शेजारच्या मँचेस्टर सिटी या प्रतिस्पर्धी संघाच्या मैदानावर बिऱ्हाडकरूसारखें खेळावें लागलें. अशा वेळीं, १९४५ सालीं, मॅट बझ्बी हा स्कॉटिश गृहस्थ संघाचा व्यवस्थापक, म्हणजे तिकडच्या भाषेंत मॅनेजर, झाला. त्यानें कॅरीला नायक नेमलें. कॅरी मूळचा आघाडीचा खेळाडू. बझ्बीनें त्याला पिछाडीस आणून रक्षकाची जागा दिली. गोल करण्याची कीर्ति सोडून गोल वाचविण्याचें काम पत्करावयाचें, ही गोष्ट पुष्कळांस मानवली नसती. कॅरीनें ती एका शब्दानेंहि न कुरकुरतां पत्करली. पुढील कारकीर्दींत तो युनायटेडतर्फे नऊ निरनिराळ्या जागांवर खेळला. एका सामन्याच्या वेळीं नेहमीचा गोलरक्षक आजारी पडला, तेव्हां नायकानें स्वतः त्याची जागा घेतली. घरांत कोणी आजारी असेल त्याचें काम मुकाट्यानें उचलणारा वडील भाऊ जसा असतो, तसेंच हें होतें. त्याच्या अधिकाराचें मूळ येथेंच आहे. जें काम तो दुसऱ्यास सांगे, तें तो स्वतः करून चुकलेला असे.

या काळांतील एक प्रसंग मोठा विलक्षण आहे. १९२१ सालीं आयर्लंडची फाळणी झाल्यावर फुटबॉलच्याहि दोन संघटना झाल्या, एक बेलफास्टची आणि दुसरी डब्लिनची. आणि दोघीहि आपापल्या संघास ‘आयर्लंड’ म्हणवीत. २८ सप्टेंबर १९४६ रोजीं कॅरी बेलफास्ट येथें एका आयर्लंडतर्फे इंग्लंडविरुद्ध खेळला; त्यांत आयर्लंडचा २ विरुद्ध ७ गोलांनीं पराभव झाला. लगेच ३० तारखेस तो डब्लिन येथें दुसऱ्या आयर्लंडतर्फे त्याच इंग्लंडविरुद्ध उतरला, आणि तेथें इंग्लंडला केवळ एका गोलानें निसटता विजय मिळाला. तीन दिवसांत एकाच शत्रूशीं दोन वेगवेगळ्या देशांच्या नांवानें झुंजणारा खेळाडू विरळाच! ज्या घराच्या वांटण्या झाल्या आहेत, त्याच्या दोन्ही दारांतून ज्याला सारखेंच बोलावणें येतें, त्याच्या स्वभावाविषयीं अधिक काय सांगावें?

१९४७ च्या मे महिन्यांत ग्लासगो येथें ग्रेट ब्रिटनविरुद्ध उरलेल्या युरोपचा असा एक सामना भरविण्यांत आला. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या त्या युरोपीय संघाचें नायकत्व कॅरीकडे होतें. सामना त्यांनीं ६ विरुद्ध १ असा गमावला. तरी तो मान लहान नव्हता. पुढल्याच वर्षीं, २४ एप्रिल १९४८ रोजीं, वेम्ब्लेच्या मैदानावर एफ. ए. कपचा अंतिम सामना झाला. समोर स्टॅन्ली मॅथ्यूजचा ब्लॅकपूल संघ होता. खेळाचीं वीसबावीस मिनिटें उरलीं होतीं आणि युनायटेड २ विरुद्ध १ असें मागें होतें. अशा वेळीं धास्तावलेला संघ चेंडू वाटेल तसा पुढें भिरकावूं लागतो. कॅरीच्या संघानें आपला नेहमीचा, चेंडू एकमेकांस जपून देत जाण्याचा खेळ सोडला नाहीं, आणि शेवटीं ४ विरुद्ध २ असा विजय मिळविला. नायकाच्या चेहऱ्यावर घाबरगुंडी दिसली नाहीं म्हणजे ती मागच्या दहा माणसांतहि उतरत नाहीं, याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण. या सर्वांबद्दल त्या खेळाडूंना मिळे काय? त्या काळच्या नियमाप्रमाणें हंगामांत आठवड्यास फार तर १२ पौंड.

१९४९ सालीं फुटबॉलवर लिहिणाऱ्या पत्रकारांनीं त्याला वर्षांतील सर्वोत्तम खेळाडू निवडलें. त्याच वर्षीं २१ सप्टेंबर रोजीं लिव्हरपूल शहरांतील गुडिसन पार्क या मैदानावर त्याच्या नायकत्वाखालीं डब्लिनच्या आयर्लंडनें इंग्लंडला २ विरुद्ध ० असें हरविलें. ब्रिटिश राज्याबाहेरील संघानें इंग्लंडला त्याच्याच भूमींत हरविण्याची ही पहिली वेळ. १९५३ सालीं हंगेरीनें मिळविलेल्या विजयाचा गाजावाजा इतका झाला कीं, हा आधींचा विजय पुष्कळजण विसरून गेले. १९५२ सालीं युनायटेडला ४१ वर्षांनंतर प्रथमच लीगचें अजिंक्यपद मिळालें, आणि पुढच्या वर्षीं चौतिसाव्या वर्षीं कॅरीनें खेळणें थांबविलें.

येथून त्याच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू होतो, आणि आरंभीं उपस्थित केलेला प्रश्नहि येथेंच उभा राहतो. १९५३ सालीं तो दुसऱ्या श्रेणींतील ब्लॅकबर्न रोव्हर्स या संघाचा व्यवस्थापक झाला. पांच वर्षें खपून १९५८ सालीं त्यानें तो संघ पहिल्या श्रेणींत नेला. त्याच वर्षीं एव्हर्टन या मोठ्या संघानें त्याला बोलावून घेतलें. एव्हर्टनचें त्या वेळचें घरचें मैदान म्हणजे तेंच गुडिसन पार्क, जेथें त्यानें इंग्लंडला नमविलें होतें. संघ त्या वेळीं डबघाईस आला होता. कॅरीनें एकेक चांगला खेळाडू हेरून आणला आणि १९६०-६१ च्या हंगामांत एव्हर्टनला पांचवा क्रमांक मिळवून दिला. महायुद्धानंतर तोंवर त्या संघानें इतकी वरची जागा कधीं पाहिली नव्हती.

परंतु १९६० सालीं जॉन मूर्स हे लक्षाधीश व्यापारी संघाचे अध्यक्ष झाले होते. त्यांना पांचवा क्रमांक नको होता, पहिला हवा होता; आणि तोहि लवकर. १९६१ च्या एप्रिलमध्यें लंडनमध्यें हे दोघे एका टॅक्सींतून जात असतां, त्या गाडींतच मूर्स यांनीं कॅरीला नोकरींतून दूर केल्याचें सांगितलें. पुढें इंग्लंडांत एखाद्या व्यवस्थापकाची खुर्ची डळमळीत झाली म्हणजे प्रेक्षक त्याच्यासाठीं टॅक्सी बोलावण्याची आरोळी ठोकूं लागले; ती थट्टा या प्रसंगावरूनच निघाली असें सांगतात. एका सभ्य माणसाच्या मानहानीचा असा वाक्प्रचार व्हावा, ही खेदाची गोष्ट आहे.

कॅरीनें आकांडतांडव केलें नाहीं. तो लंडनच्या पूर्व भागांतील लेटन ओरिएंट या लहानशा संघाकडे गेला आणि पहिल्याच हंगामांत, १९६२ सालीं, त्या संघाला त्याच्या इतिहासांत प्रथमच पहिल्या श्रेणींत घेऊन आला. त्या सप्टेंबरांत ओरिएंटच्या छोट्याशा मैदानावर पाठोपाठ दोन बडे पाहुणे हरले: मँचेस्टर युनायटेड, ज्यानें कॅरीला वाढविलें, आणि एव्हर्टन, ज्यानें त्याला टॅक्सींतून उतरविलें. मात्र हंगाम संपला तेव्हां ओरिएंट सर्वांत खालीं होता व एव्हर्टन अजिंक्य ठरला होता.

मग मूर्स यांचा निर्णय बरोबर होता काय? निकालाकडे पाहिलें तर होय म्हणावें लागेल. त्यांनीं आणलेले हॅरी कॅटरिक हे कडक शिस्तीचे गृहस्थ होते, आणि त्यांनीं दोन वर्षांत अजिंक्यपद आणून दिलें. पण त्या अजिंक्य संघांतील नांवें वाचावीं. अलेक्स यंग, रॉय व्हर्नन, जिमी गेब्रियल, बिली बिंगहॅम : हे सर्व कॅरीनें आणलेले. ज्या झाडाचीं फळें १९६३ सालीं उतरलीं, त्याला पाणी कोणी घातलें होतें हें यावरून कळतें. कॅटरिक यांचें श्रेय यामुळें कमी होत नाहीं. कॅरीचें मात्र वाढतें.

१९६३ पासून तो नॉटिंगहॅम फॉरेस्टचा व्यवस्थापक होता. १९६६-६७ च्या हंगामांत फॉरेस्ट लीगमध्यें दुसरा आला. पहिला क्रमांक बझ्बीच्या युनायटेडचा, म्हणजे गुरूचाच. त्याच वर्षीं कपाच्या स्पर्धेंत फॉरेस्टनें आदल्या वर्षींच्या विजेत्या एव्हर्टनला ३ विरुद्ध २ असें बाहेर काढलें व उपांत्य फेरी गांठली. पण नशीब टिकलें नाहीं. १९६८ च्या ऑगस्टमध्यें सामना चालू असतां मैदानावरील मुख्य प्रेक्षागृह जळून खाक झालें, आणि डिसेंबरांत कॅरीची नोकरीहि गेली. पुन्हां ब्लॅकबर्नला जाऊन त्यानें हात देण्याचा यत्न केला. परंतु १९७१ सालीं तो संघ तिसऱ्या श्रेणींत घसरला आणि कॅरीची कारकीर्द संपली. मधल्या काळांत, १९५५ पासून १९६७ पर्यंत, तो आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचाहि व्यवस्थापक म्हणवत होता. पण खेळाडू निवडीत ती निवड-समिति. नांव त्याचें, सत्ता दुसऱ्यांची! सूनबाईच्या हातीं किल्ल्या, पण कोठारास कुलूप सासूबाईंचें, असा तो प्रकार होता.

या सर्व हकीकतीवरून काय घ्यावें? शांतपणा हा दोष नव्हे. पण त्याचें फळ उशिरां येतें, आणि पुष्कळदां तें दुसऱ्याच्या नांवावर जमा होतें. ज्याला हें सोसवत नाहीं त्यानें त्या वाटेस जाऊं नये. आणि ज्यांच्या हातीं दुसऱ्यांस नेमण्याचा व काढण्याचा अधिकार आहे, त्यांनीं माणूस बदलण्यापूर्वीं त्यानें काय पेरून ठेविलें आहे एवढें तरी पाहावें. आणि बदलावयाचाच असेल, तर तें सांगण्यास निदान एखादी बरी जागा शोधावी.

फुटबॉल सुटल्यावर कॅरीनें ट्रॅफर्ड येथील नगरपरिषदेच्या खजिनदाराच्या कचेरींत साधी नोकरी धरली. ज्या ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानावर एके काळीं हजारों लोक त्याच्या नांवाचा जयघोष करीत, तें त्याच गांवच्या हद्दींत आहे. २२ ऑगस्ट १९९५ रोजीं, वयाच्या शहात्तराव्या वर्षीं, तो वारला. इंग्लंडांत त्याला ‘जंटलमन जॉन’ म्हणत.