खडवलीच्या घरी विजेची गाडी

विजेवर चालणारी स्वस्त चारचाकी घरी चार्ज करायला फारसे काही लागत नाही. 15 ॲम्पिअरचा प्लग, त्याला मीटरपासून स्वतंत्र ओढलेली जाड वायर आणि खरोखर काम करणारे अर्थिंग एवढे पुरते. अडचण ही की खडवलीसारख्या गावातल्या बऱ्याच जुन्या घरांत यातले एखादे तरी नसते, आणि गाडी दारात येईपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही.

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंद यांच्या मधले हे स्टेशन. भातसा नदीकाठी जुनी बैठी घरे, चाळी, अलीकडच्या इमारती आणि शनिवार-रविवारी उघडणारे बंगले अशी इथली वस्ती. रस्त्याने कल्याण साधारण 20 किलोमीटर. दुसऱ्या बाजूला पडघ्याकडे जाऊन मुंबई-नाशिक महामार्ग गाठता येतो. कल्याणला जाऊन-येऊन, मध्ये बाजारहाट धरून, दिवसाचे 40 ते 45 किलोमीटर होतात. छोट्या विजेच्या गाडीला नेमके हेच अंतर मानवते.

सप्टेंबर 2022 मध्ये आलेल्या टाटा टियागो ईव्हीची सुरुवातीची किंमत 8.49 लाख रुपये होती आणि बॅटरी 19.2 किंवा 24 युनिटची. 2023 मध्ये आलेल्या एमजी कॉमेटची बॅटरी 17.3 युनिटची. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, वीजबिलात मोजतात तोच. अशी गाडी भिंतीतून घेतलेल्या एका युनिटवर सात-आठ किलोमीटर जाते असे धरले, तर कल्याणची फेरी सहा युनिटच्या आसपास पडते. गाडीसोबत येणारा चार्जर साधारण 3 किलोवॉटने वीज ओढतो. म्हणजे रोजची भर दोन तासांत होते. टियागोची 24 युनिटची बॅटरी दहा टक्क्यांपासून पूर्ण भरायला कंपनीच्या म्हणण्यानुसार पावणेनऊ तासांच्या आसपास लागतात, पण तशी पाळी एखाद्या दूरच्या प्रवासानंतरच येते. 7.2 किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर हे काम साडेतीन-पावणेचार तासांत करतो. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याने त्यावर खर्च करण्याचे कारण दिसत नाही.

केबलच्या मध्यावर जो डबा असतो त्याला सगळे चार्जर म्हणतात. खरे तर तो पहारेकरी आहे. अर्थिंग आहे का, विजेची गळती होते का, हे तो तपासतो आणि किती ॲम्पिअर घ्यायचे ते गाडीला कळवतो. खरा चार्जर गाडीच्या आत बसवलेला असतो. घरात येते ती एसी वीज. बॅटरीला लागते डीसी. हा बदल गाडीतला चार्जर करतो आणि त्यात काही वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवर पडलेले सगळे युनिट बॅटरीत पोचत नाहीत. गंमत अशी की याच्या उलट बदलाचे एक अवाढव्य केंद्र खडवलीच्या शेजारी आहे. चंद्रपूरहून 752 किलोमीटर लांबीच्या उच्चदाब डीसी वाहिनीने आलेली वीज पडघ्याला पुन्हा एसी केली जाते. या वाहिनीची क्षमता 1500 मेगावॉट आहे.

आता प्लगविषयी. 15 ॲम्पिअरचा प्लग गीझरसाठी बहुतेक घरांत असतो आणि गाडी त्यावर चार्जही होते. फरक वेळेचा आहे. गीझर वीस मिनिटांत बंद होतो. गाडी तेरा-चौदा ॲम्पिअर तासन्‌तास ओढत राहते. सॉकेटची पकड सैल झाली असेल किंवा मागचा स्क्रू ढिला असेल, तर त्या जोडाचा रोध वाढतो. तो जेमतेम 0.1 ओहम झाला तरी 14 ॲम्पिअरला तिथे जवळपास 20 वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडची सोल्डरिंगची छोटी इस्त्री 25 वॉटची असते. तशी एक रात्रभर सॉकेटमध्ये खुपसून ठेवल्यासारखे ते होते. आधी प्लास्टिक पिवळे पडते, मग वास येतो, मग पिन वितळलेल्या भोकात अडकून बसते. पहिल्या काही दिवसांत तासाभराच्या चार्जिंगनंतर बटण बंद करून प्लगच्या पाठीला हात लावून पाहावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर वायरमनला बोलवावे. एक्स्टेन्शन बोर्ड तर या कामाला वापरूच नये, तो कितीही महागाचा असो.

वायरचेही तसेच. बैठ्या घरात मीटर पुढच्या भिंतीवर आणि गाडी मागच्या अंगणात, मध्ये 30 मीटर, हे दृश्य नेहमीचे. एवढ्या अंतरावर दिव्यांसाठी टाकलेल्या 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत 14 ॲम्पिअरला सुमारे 10 व्होल्ट गळतात आणि 140 वॉट नुसते तार तापवण्यात जातात. 4 चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट चार व्होल्टच्या आत राहते. त्यामुळे मीटरपाशी स्वतंत्र 20 ॲम्पिअरचा एमसीबी, तिथून 4 चौरस मिलिमीटरची तार आणि 30 मिलिॲम्पिअर गळतीला तुटणारा आरसीसीबी एवढे करून घ्यावे. गाडीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ असतो, आणि तरीही नेमका इथेच हात आखडता घेतला जातो.

गाडी चार्ज होत नसल्याची तक्रार आली की दोष बहुधा अर्थिंगचा निघतो. तिसऱ्या पिनेला तार जोडलेलीच नसते, किंवा ती वर्षानुवर्षे पाणी न पाहिलेल्या खड्ड्यात गेलेली असते. पंखा, टीव्ही, फ्रिज यांना त्याने काही अडत नाही, म्हणून तो दोष वर्षानुवर्षे झाकलेला राहतो. गाडीचा डबा मात्र लाल दिवा लावून काम नाकारतो. काही वायरमन यावर अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात; दिवा हिरवा होतो आणि धोका घरात येतो, कारण पुढे कधी न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरू शकते. कोळसा-मीठ घातलेला खड्डा किंवा तयार केमिकल अर्थिंग, मीटरने मोजून पाच ओहमच्या आत, हा खरा उपाय. पावसाळ्यात माती ओली असते तोवर अर्थिंग चांगले दिसते. एप्रिल-मेमध्ये त्याची परीक्षा होते, तेव्हा खड्ड्यात पाणी ओतत राहावे लागते.

पावसाळ्याची भीती मात्र लोक चुकीच्या जागी बाळगतात. गाडीला लावायची गन पाऊस गृहीत धरूनच बनवलेली असते. जपायचे ते सॉकेट आणि डबा. सॉकेट झाकणाच्या पेटीत, कमरेच्या वर; डबा जमिनीवर न टाकता खुंटीला टांगलेला. वळवाच्या पावसात विजा कडकडू लागल्या की प्लग काढून ठेवावा. मध्येच लाईट गेली तर बिघडत नाही. वीज आल्यावर चार्जिंग बहुधा आपोआप पुन्हा सुरू होते. संध्याकाळी सात ते दहा डीपीवर, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण असतो आणि टोकाच्या घरांना लो व्होल्टेज मिळते. अशा वेळी चार्जर एकतर मंदावतो किंवा थांबतो. अकरानंतर सुरू होईल अशी वेळ लावून ठेवली की हा त्रास टळतो.

बिलाचा हिशेब सहसा चुकीचा मांडला जातो. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: 100 युनिटपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या आसपास जातो. गाडीचे महिन्याचे 150 युनिट सरासरी दराने धरून चालत नाहीत, ते घरच्या वापराच्या डोक्यावर चढतात. महिना 120 युनिट जाळणाऱ्या घराचे ते सगळे दुसऱ्या टप्प्यात बसतात. 250 वापरणाऱ्याचे मात्र शंभर युनिट तिसऱ्या, आणखी महाग टप्प्यात पडतात. त्यावर 16 टक्के वीज शुल्क वेगळे. तरी युनिटला 12 रुपये धरले तर किलोमीटरला दीड-पावणेदोन रुपये होतात. लिटरला 16 किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला सहा रुपयांच्या वर लागतात.

बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तो आधी वाचावा. दोन किलोवॉटच्या घरात तीन किलोवॉटची गाडी, वर पाण्याची मोटर, असे चालवू नये. परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडून भार वाढवून घेता येतो. स्वतःची गाडी घरच्या मीटरवर चार्ज करायला वेगळी परवानगी लागत नाही, आणि राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार तिला घरगुतीच दर लागतो. चार्जिंग स्टेशनांसाठी आयोगाने 2018 मध्ये निराळा वर्ग केला. फेब्रुवारी 2024 च्या केंद्रीय नियमांनी गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. जास्त वापर असलेल्या घराने दोन्ही दर आणि दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार ताडून पाहावा. 1 जुलै 2025 पासून स्मार्ट टीओडी (वेळेनुसार दर लावणारे) मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत युनिटमागे सवलत मिळते, पण गाडी तेव्हा घरी असेल त्यालाच तिचा उपयोग. गाडी स्टेशनजवळ लावून लोकल पकडणाऱ्याला ती फक्त रविवारी.

इमारतीत राहणाऱ्यांचा प्रश्न तांत्रिक कमी आणि सोसायटीच्या सभेचा जास्त असतो. आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत पाइपातून तार नेणे हा सोपा मार्ग. मीटरची खोली लांब असेल तर सोसायटीने एक सामाईक जोडणी घेऊन सभासदांकडून युनिटप्रमाणे पैसे घ्यावेत. चार्जिंग ही वीजविक्री नसून सेवा आहे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्येच स्पष्ट केल्याने त्यासाठी परवाना लागत नाही.

स्वतःचे छप्पर असलेल्यांना आणखी एक वाट आहे. छतावरचा एक किलोवॉटचा सौर संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतो, म्हणजे दीड किलोवॉटमध्ये गाडीची रोजची गरज भागते. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटला 60,000 आणि तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे. नेट मीटरमुळे दिवसा ग्रिडला दिलेले युनिट बिलातून वळते होतात; फक्त जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन बरेच घसरते, आणि ते महिने धरूनच संचाचा आकार ठरवावा लागतो.