कृष्णविवर दीर्घिका गिळत नाही

सप्तर्षींच्या शेवटच्या ताऱ्यापासून, म्हणजे मरीचीपासून, जेमतेम साडेतीन अंशांवर एम ५१ ही सर्पिल दीर्घिका आहे. अंतर सुमारे २.८ कोटी प्रकाशवर्षं. तिचा फोटो पडद्यावर आला की कुणीतरी हमखास म्हणतंच, "मधलं कृष्णविवर सगळे तारे आत ओढतंय, म्हणून असा भोवरा झालाय." शाळेतल्या मुलानं विचारलं तर शांतपणे समजावता येतं. मोठी माणसं हेच छातीठोकपणे सांगतात तेव्हा मात्र राग येतो.

कृष्णविवराचं गुरुत्वाकर्षण काही वेगळ्या जातीचं नसतं; अंतर वाढलं की तेही कमी होतं. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर सूर्याच्या ४० लाख पटींहून जड आहे. एस२ नावाचा तारा साधारण १६ वर्षांत त्याला एक फेरी घालतो. मे २०१८मध्ये तो सूर्य-पृथ्वी अंतराच्या फक्त १२० पट इतका जवळ गेला आणि तसाच पुढे निघूनही गेला. अशाच ताऱ्यांचा माग काढणारे राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ २०२०च्या नोबेलचे मानकरी ठरले. इतका जवळचा तारा गिळला जात नाही, मग हजारो प्रकाशवर्षं लांबच्या सर्पिल भुजा कशा गिळल्या जातील?

तारे केंद्राभोवती जवळपास वर्तुळाकार कक्षांत फिरतात. भुजा म्हणजे त्यांच्यातून सरकणारी दाटीची लाट, ही मांडणी सी. सी. लिन आणि फ्रँक शू यांनी १९६४ मध्ये केली. एम ५१मध्ये शेजारच्या एनजीसी ५१९५ या दीर्घिकेच्या ओढीनं ही लाट बळावली आहे. हबलचा फोटो मोठा करून बघा. भुजेच्या आतल्या कडेला धुळीचा काळा पट्टा, त्याला लागून गुलाबी ठिपके, त्यांच्या बाहेर निळे तारकागुच्छ. वायू आतल्या बाजूनं लाटेत शिरतो, दाबला जातो, त्यातून तारे जन्मतात आणि पलीकडे निघतात. म्हणजे प्रवाह भुजेला आडवा ओलांडतो, भुजेतून केंद्राकडे वाहत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. एनजीसी ५१९५ भुजेच्या टोकाला लटकलेली नाही, ती मागे आहे. दीर्घिका भिडल्या तरी ताऱ्यावर तारा आदळत नाही, मधली अंतरंच तेवढी प्रचंड असतात. आणि लहान दुर्बिणीतून रंगीत भुजा दिसायच्या नाहीत, दिसतील ते दोन धुरकट ठिपके. १७७३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मेसिएला एम ५१ सापडली. तिचा सर्पिल आकार १८४५ मध्ये आयर्लंडच्या लॉर्ड रॉसना दिसला, तोही ७२ इंची आरशाच्या दुर्बिणीतून.