रुग्णशय्येजवळची शाळा

पोहण्यावरचे पुस्तक कितीही बारकाईने वाचले, तरी पाण्यात उतरल्यावाचून पोहता येत नाही. रुग्णशुश्रूषेचेही तसेच आहे. शरीराची रचना, रोगांची कारणे, औषधांचे गुणधर्म हे सारे वर्गात बसून शिकता येते; परंतु वेदनेने कण्हणाऱ्या माणसाला कुशीवर कसे वळवावे, हे त्याच्या उशाशी उभे राहिल्यावाचून उमगत नाही. म्हणूनच परिचारिकेच्या शिक्षणात पुस्तक आणि रुग्णशय्या यांची सांगड आरंभापासून घातलेली आढळते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. तेथील विद्यार्थिनी व्याख्याने ऐकत आणि दिवसाचा बराच काळ प्रत्यक्ष रुग्णांची सेवा करीत. पुढे हीच पद्धत अमेरिकेतही रुजली. लिंडा रिचर्ड्स यांनी प्रथम बॉस्टन शहरातील एका रुग्णालयात नोकरी धरली होती. तेथे काम पुष्कळ होते, पण शिकवणारे जवळजवळ कोणी नव्हते. मग १८७२ साली त्यांनी त्याच शहरात निघालेल्या परिचारिकांच्या शाळेत प्रवेश घेतला. १८७३ साली ते शिक्षण पुरे करून त्या अमेरिकेतील पहिल्या प्रशिक्षित परिचारिका म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

कालांतराने या पद्धतीत एक दोष शिरला. विद्यार्थिनींच्या रूपाने रुग्णालयांना अल्प मोबदल्यात काम करणारे हात मिळू लागले. काम वाढत गेले आणि अभ्यास मागे पडला. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या गोल्डमार्क अहवालाने या उणिवेवर नेमके बोट ठेवले. पुढे हळूहळू हे शिक्षण महाविद्यालयांकडे गेले. आज अमेरिकेत परिचारिका होण्यासाठी बहुतेक विद्यार्थी दोन किंवा चार वर्षांचा महाविद्यालयीन अभ्यासक्रम घेतात. शिक्षकांच्या देखरेखीखाली ते रुग्णालयातही जातात. परंतु तो अभ्यासाचाच भाग असतो, नोकरी नव्हे.

तरीही तेथील अनेक विद्यार्थी आपण होऊन अर्धवेळ शुश्रूषा साहाय्यकाचे काम पत्करतात. शिक्षणाचे शुल्क मोठे असते, त्याला या कमाईचा हातभार लागतो. शिवाय जे वर्गात ऐकले, ते डोळ्यांनी पाहण्याची संधी मिळते. मात्र हे काम कोणीही उठून करावे असे नाही. वृद्धांच्या व दीर्घकाळ आजारी असणाऱ्यांच्या शुश्रूषागृहांतील साहाय्यकांसाठी अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने १९८७ साली कायदा केला. त्यानुसार निदान ७५ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि परीक्षाही उत्तीर्ण व्हावे लागते. त्या ७५ तासांपैकी किमान १६ तास देखरेखीखालील प्रत्यक्ष कामाचे असतात.

साहाय्यकाची कामे वरवर पाहता साधी दिसतात. रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, अंथरुणावरची चादर बदलणे, आधार देऊन चालवणे, शौचास नेणे, ताप व नाडी पाहून नोंद करणे, अशी ती कामे होत. पण यांतील प्रत्येक कामामागे शास्त्र दडलेले असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या टाचा, नितंब आणि माकडहाड यांवर सतत दाब येतो. तेथील रक्तपुरवठा मंदावतो आणि कातडी सोलवटून व्रण पडतो. म्हणून अशा रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलतात. ही माहिती पुस्तकात चार ओळींत संपते. परंतु रात्री दोन वाजता, पुन्हा चार वाजता आणि पुन्हा सहा वाजता ज्या विद्यार्थिनीने ती कूस स्वतः बदललेली असते, तिला त्या चार ओळी जन्मभर विसरता येत नाहीत.

नाडी मोजणे हेही असेच एक काम आहे. प्रौढ माणूस स्वस्थ बसला असता त्याची नाडी मिनिटाला सामान्यतः ६० ते १०० वेळा पडते. नाडी मोजून झाल्यावर कुशल साहाय्यक रुग्णाचे मनगट लगेच सोडत नाही. ते तसेच हाती धरून ती छातीच्या हालचालीकडे पाहते आणि श्वास मोजते. आपले श्वास मोजले जात आहेत हे कळले, की माणूस नकळत निराळ्या गतीने श्वास घेऊ लागतो. अशा युक्त्या हाताला वळण लागल्यावरच साधतात.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे नजर. समजा, एक वृद्धा कालपर्यंत गप्पा मारीत होती. आज ती निरुत्साही आहे, असंबद्ध बोलते आहे. पाण्याचा पेला भरलेलाच आहे आणि लघवीही थोडी झाली आहे. तिला अंघोळ घालणाऱ्या साहाय्यकाच्या ध्यानात हा फरक सर्वांच्या आधी येतो. तिने तो तत्काळ परिचारिकेला सांगितला, तर वेळीच उपचार होतात. ‘वय झाले, असे व्हायचेच,’ म्हणून ती गप्प राहिली, तर दुखणे बळावते. एका लहानशा निरोपावर कधी कधी एवढे मोठे हित अवलंबून असते.

या कामातील सर्वांत अवघड धडा मात्र निराळाच आहे. तो म्हणजे आपल्या अधिकाराची मर्यादा पाळणे. विद्यार्थिनी महाविद्यालयात औषधांची मात्रा शिकते, शिक्षिकेच्या समक्ष इंजेक्शनही देते. पण तीच मुलगी नोकरीवर असताना केवळ साहाय्यक असते. एखादा रुग्ण कळवळून तिच्याकडे वेदनाशामक गोळी मागतो. गोळीचे नाव तिला ठाऊक असते, मात्राही पाठ असते. तरीही तिने ती द्यायची नसते. त्या रुग्णाला याआधी गोळी केव्हा दिली, त्याला कोणते औषध सोसत नाही, त्याचे मूत्रपिंड नीट चालते की नाही, हे पाहून निर्णय घेण्याची जबाबदारी परवानाधारक परिचारिकेची असते. साहाय्यकाने रुग्णाला धीर द्यावा आणि परिचारिकेकडे त्वरेने जावे. ठाऊक असूनही हात आवरणे हा भित्रेपणा नव्हे. रुग्णाच्या जिवाची ती राखण आहे.

दुसरी मर्यादा स्वतःच्या शरीराची. रुग्णालयातील पाळी आठ तासांची असते, कित्येकदा बारा तासांचीही. रात्रभर जागून सकाळी वर्गात बसणाऱ्या विद्यार्थिनीचे डोळे पुस्तकावर असले, तरी मन थाऱ्यावर नसते. थकलेला हात रुग्णाला उचलताना घसरतो, थकलेली नजर नोंद करताना चुकते. म्हणून सुज्ञ विद्यार्थी आठवड्याच्या अखेरीस एखाददुसरीच पाळी घेतात आणि परीक्षा जवळ आली की काम आणखी कमी करतात. अभ्यास बुडवून केलेले काम दोन्हींची हानी करते. पूर्वीच्या काळी रुग्णालयांच्या शाळांतून हाच अनुभव आला होता.

अभ्यासक्रम पुरा झाल्यावर परवान्यासाठी मोठी परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झाली, म्हणजे कालची साहाय्यक परिचारिका बनते. आता तिच्या देखरेखीखाली दुसरे कोणी साहाय्यक काम करू लागते. ते धावत येऊन म्हणते, ‘त्या आजीबाईंनी सकाळपासून पाणी घेतलेले नाही.’ ज्या परिचारिकेने पूर्वी स्वतः असा निरोप पोहोचवलेला असतो, ती हातातील कागद बाजूला ठेवून तो नीट ऐकते आणि लगेच त्या आजीबाईंच्या खाटेकडे वळते.