४५ पैशांचा विमा घ्यावा का?

आमच्या गटातल्या बाया काशीला निघाल्या, तेव्हा तिकीट काढणाऱ्या मुलानं विचारलं, "ताई, विमा हवा का?" एकजण म्हणाली, "निघतानाच अपशकुन कशाला?" पण खर्च होता माणशी फक्त ४५ पैसे.

हा विमा आयआरसीटीसीवर ऑनलाइन काढलेल्या, कन्फर्म किंवा आरएसी तिकिटालाच मिळतो. खिडकीवरच्या तिकिटाला नाही. रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख रुपये, कायमच्या अंशतः अपंगत्वाला साडेसात लाखांपर्यंत, दवाखान्याच्या खर्चाला २ लाखांपर्यंत. मात्र वाटेत ताप आला किंवा तिकीट रद्द केलं, तर यातून काही मिळत नाही. त्यासाठी पदरी वेगळे पैसे ठेवा.

आमची चूक सांगते. विमा घेतला, पण मोबाईल नंबर दुकानदाराचा दिला. कंपनीचा मेसेज त्याच्याकडेच गेला, वारसदारांची नावं भरायची राहिली. सगळ्या सुखरूप परतल्या. नाहीतर घरच्यांना वारस असल्याचे कागद जमवत फिरावं लागलं असतं.

तेव्हा विमा जरूर घ्या. नंबर स्वतःचा द्या, वारसदाराचं नाव गाडीत बसण्याआधी भरा आणि घरी सांगून निघा.