आईच्या मांडीवरची शाळा

लहान मुलाच्या शिक्षणाची गोष्ट निघाली कीं, सुशिक्षित घरांतून पहिला प्रश्न येतो तो असा, "अक्षरें येतात का?" दुसरा येतो, "अंक कुठपर्यंत म्हणतो?" मूल काय पाहतें आणि पाहिलेलें कसें सांगतें, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक वाचनाचा पाया अक्षरांच्या ओळखीपूर्वींच, पाहण्यानें आणि बोलण्यानें घातला जातो. आणि तो घालण्यास चित्रांच्या पुस्तकासारखें सोपें साधन क्वचितच सांपडेल. घरीं तें कसें वापरावें, हें एका दिवसाच्या हकीकतीवरून चांगलें ध्यानांत येईल.

पुण्यांतील एक मध्यमवर्गीय घर डोळ्यांपुढें आणावें. घरांत आई, वडील, आजी आणि साडेपांच वर्षांची मुलगी. बालवर्गांत चार महिने गेले, तरी मुलगी तेथें कोणाशीं बोलली नाहीं. म्हणून दिवाळीनंतर तिला घरींच ठेवली. येत्या जूनमध्यें पहिलीचा वर्ग आहे. शेजारचा तेवढाच मुलगा शंभरपर्यंत अंक लिहितो, आणि ही पेन्सिल हातांत धरून गप्प बसते. आईच्या मनांत धास्ती आहे ती याची. रोज सकाळीं पाटी पुढें येते, रोज मुलगी मान खालीं घालते. अखेर एके दिवशीं आजी म्हणाली, "पाटी राहूं दे. पुस्तक उघड."

पुस्तक साधेंच होतें. मधल्या दोन पानांवर मिळून भाजीबाजाराचें एक मोठें चित्र होतें. आईनें बोट ठेवून विचारलें, "हें काय?" मुलगी म्हणाली, "भेंडी." "हें?" "भोपळा." "आणि हें?" मुलगी थांबली. "अगं, काल तर सांगितलं होतंस!" मुलीनें पुस्तक मिटलें. सकाळचा पाठ पांच मिनिटांत बुडाला.

आईचा हेतु चांगला होता. चूक होती ती प्रश्नाच्या जातींत. ज्याचें उत्तर विचारणाराला आधींच ठाऊक आहे आणि जें एकाच शब्दाचें आहे, असा प्रश्न मुलाला तत्काळ ओळखतां येतो. ती परीक्षा असते. चित्र बाजूला राहतें आणि मूल आईच्या चेहऱ्याकडे पाहूं लागतें. अशा दहा प्रश्नांतून दहा नामें मिळतात, पण एक वाक्यहि मिळत नाहीं.

अर्ध्या तासानें तेंच पुस्तक आजीच्या मांडीवर उघडलें गेलें. आजीनें चित्रांतल्या एका भाजीवालीकडे पाहून विचारलें, "या बाईला एवढी घाई कसली असेल ग?" आणि ती थांबली. दहा अंक मोजून व्हावेत इतका वेळ गेला. आई दारांतून कांहीं बोलणार, तोंच आजीनें हातानें तिला खुणावलें. मग मुलगी म्हणाली, "पाऊस."

"पाऊस येणार, म्हणून ती टोपली झांकते आहे होय?"

"हो. आणि छत्री घरीं विसरली."

या चार ओळींच्या संभाषणांत चित्रवाचनाची सारी रीत आली आहे. पहिली गोष्ट, प्रश्न असा असावा कीं, ज्याचें उत्तर शोधावें लागेल: काय चाललें आहे, हा असें कां करीत असेल, पुढें काय होईल? दुसरी गोष्ट, थांबावें. मोठ्या माणसाला उत्तर क्षणांत सुचतें. मुलाला आधीं चित्रांतील खूण हेरावी लागते, मग शब्द शोधावा लागतो, मग तो वाक्यांत बसवावा लागतो. या तीन कामांना वेळ लागतो आणि नेमका तेवढाच वेळ आपण देत नाहीं. तिसरी गोष्ट, मुलाचा शब्द त्याला थोडा वाढवून परत द्यावा. "पाऊस" या एका शब्दाचें आजीनें वाक्य केलें. त्याला जोडून दुसरें वाक्य मुलीनें आपण होऊन केलें.

ही केवळ आजीबाईची समजूत नव्हे. १९८८ सालीं अमेरिकेंत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांचे सहकारी यांनीं कांहीं पालकांना अशाच रीतीनें चित्रपुस्तकें वाचावयास शिकविलें आणि इतरांना नेहमीसारखें वाचूं दिलें. महिन्याभरानंतर पाहिलें तेव्हां पहिल्या गटांतील मुलें बोलण्यांत स्पष्टपणें पुढें गेलेलीं आढळलीं. दोन्ही घरांत पुस्तकें वाचलीं जातच होतीं. फरक होता तो बोलण्याची पाळी कोणाची, एवढाच.

मुळांत चित्रांनीं शिकविण्याची कल्पना फार जुनी आहे. मोराव्हियांत १५९२ सालीं जन्मलेल्या कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञानें १६५८ सालीं नुरेंबर्ग येथें 'ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस' हें सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत सुमारें दीडशें चित्रें असून चित्रांतल्या वस्तूंना आंकडे दिलेले आहेत. तेच आंकडे खालच्या लॅटिन आणि जर्मन शब्दांपाशीं छापले आहेत. अक्षरओळख पशुपक्ष्यांच्या आवाजांवरून दिली आहे, आणि तिच्या आरंभीं आहे तो कावळा. याच कोमेनियसनें, १६३३ सालीं छापलेल्या दुसऱ्या एका पुस्तकांत, जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला 'आईची शाळा' असें नांव दिलें. आपल्याकडील २००९ चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदाहि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं आहे. त्याआधींचा काळ बव्हंशीं घराच्याच स्वाधीन आहे. तेव्हां त्या काळाची घाई कोणी करावी, आणि कशासाठीं?

अकरा वाजतां पुस्तक मिटून मुलगी स्वयंपाकघरांत गेली. चित्रांतील बाजार तेथें परातींत होता. मार्गशीर्षाचे दिवस, मटार सोलावयाचे होते. आता आईनें प्रश्न बदलला. शेंग न फोडतां तिनें विचारलें, "हिच्यांत किती दाणे असतील?" मुलीनें अंदाज सांगावा, शेंग फोडावी, दाणे मोजावे, असें चाललें. एका फुगीर शेंगेंत पांचच दाणे निघाले, एका बारीक शेंगेंत आठ. मोठें दिसतें तें संख्येनें अधिक असतेंच असें नाहीं, हा गणितांतला महत्त्वाचा पाठ मटारानें फुकट दिला. चित्रांतून वस्तूकडे आणि वस्तूंतून पुन्हा चित्राकडे अशी ही येरझार व्हावयासच हवी; नाहींतर चित्र हें कागदावरचें चित्रच राहतें. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम सुरू केलें, तेव्हां महागड्या साधनांऐवजीं आसपास मिळणाऱ्या वस्तूंवरच भर दिला. शहरांतील घराला तर हें शेतांतील मातीपेक्षांहि सोपें आहे. त्याची भाजीची पिशवी रोज भरून येते.

अक्षर आलें तें दुपारीं, आणि तेंहि आवाजाच्या वाटेनें. भेंडी, भोपळा, भाकरी. या तिन्हींच्या आरंभीं कोणता आवाज आहे, हें मुलीनें ओळखलें. मग परातींत रवा पसरून आईनें बोटानें 'भ' काढून दाखविला आणि मुलीनें तो गिरविला. मराठी मुलाला एक मोठी सोय आहे: आपल्या अक्षराचें नांव तोच त्याचा उच्चार. इंग्रजींत अक्षराचें नांव एक आणि आवाज दुसरा, असा घोटाळा आहे. तो येथें नाहीं. म्हणून आधीं कान, मग डोळा, मग बोट आणि सर्वांच्या शेवटीं पेन्सिल, हा क्रम घरांत सहज पाळतां येतो. दिवसभराच्या या पाठांचा वेळ मिळविला, तर तो दीड तासाच्या वर गेला नाहीं. एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटें पुरतात. मूल पुस्तक मिटील तेव्हां पाठ संपला असें समजावें.

घरच्या शिक्षणाला एक उणीव आहे, ती झांकूं नये. घरांत बरोबरीचीं मुलें नसतात. वांटून घेणें, भांडणें, पाळीची वाट पाहणें हें आजीच्या मांडीवर शिकतां येत नाहीं. त्यासाठीं संध्याकाळीं दोन तास मुलीला खालीं अंगणांत सोडलेंच पाहिजे. त्या दिवशींहि तसेंच केलें. ती तेथें बोलली कीं नाहीं, हें कोणी विचारलें नाहीं.

रात्रीं वडील कामावरून आले. मुलगी पुस्तक घेऊन आपण होऊन त्यांच्याजवळ बसली आणि पानें उलटीत सांगूं लागली. बाजाराच्या पानावर आल्यावर तिनें वरच्या कोंपऱ्यांतील कौलांवर बोट ठेवलें. तेथें काळ्या रंगाचा एक लहानसा ठिपका होता.

"बाबा, हा कावळा. सगळे पावसाकडे बघताहेत. हा भाकरीकडे बघतोय."

खरोखरच, भाजीवालीच्या टोपलीशेजारीं फडक्यांत बांधलेली भाकरी होती, आणि कावळ्याची चोंच तिच्याच रोखानें वळलेली होती. आईनें तें पान वीस वेळां तरी उलटलें असेल. कावळा तिला आजवर दिसला नव्हता. "आतां काय करील तो?" तिनें विचारलें. उत्तर तिला खरेंच ठाऊक नव्हतें. मुलगी विचार करूं लागली, आणि या खेपेला आईच थांबली.

रोज निजण्यापूर्वीं शिकविलेल्या अक्षरांची नोंद ठेवण्याची आईची एक वही आहे. त्या दिवशीं शिकवून झालें होतें अवघें एक अक्षर. तिनें 'भ' लिहिला, आणि क्षणभर थांबून त्याच्यापुढें लिहिलें, 'कावळा.' पुस्तक दुसऱ्या दिवशींहि तेंच उघडावयाचें होतें.