आवृत्तिनियंत्रणाची साधने : फाइल-व्यवस्थापकातील जोड की स्वतंत्र प्रोग्राम?

चिकित्सक प्रत सिद्ध करताना कोणता पाठ कोणी, केव्हा व का बदलला याची नोंद ठेवावी लागते. संगणकावरील मजकुराच्या बाबतीत हेच कार्य आवृत्तिनियंत्रणाची साधने करतात. शब्दसंग्रह, बोलींचे नमुने, प्रबंधाची प्रकरणे अशी सामग्री अनेकांच्या हातून घडू लागली म्हणजे त्यांच्यावाचून निभाव लागत नाही. मात्र या साधनांशी व्यवहार करावयाचा कोठून? नेहमीच्या फाइल-व्यवस्थापकातूनच, की त्यासाठी वेगळा प्रोग्राम उघडून? हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. ‘बदल’ म्हणजे काय, या मूळ कल्पनेशी तो निगडित आहे.

पहिल्या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे २००२ साली आरंभ झालेले टॉर्टॉइजएसव्हीएन. सबव्हर्जन या प्रणालीसाठी रचलेले हे साधन विंडोजच्या फाइल-व्यवस्थापकातच वास करते. फाइलीच्या चित्रावर हिरवी खूण दिसली तर ती अविकृत आहे असे समजावे. लाल दिसली तर तीत बदल झाला आहे. माउसचे उजवे बटण दाबताच उघडणाऱ्या यादीत ‘अपडेट’, ‘कमिट’ इत्यादी आज्ञा मिळतात. ज्यास फाइली व फोल्डर यांची ओळख आहे त्यास नवे काही फारसे शिकावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठाच गुण होय.

परंतु परक्या घरात राहावयाचे तर त्या घराचे नियम पाळावे लागतात. असा जोड फाइल-व्यवस्थापकाच्याच प्रक्रियेत चालतो. त्यात दोष उद्भवला की यजमानही कोसळू शकतो, आणि तो मंदावला की फोल्डर उघडणेही मंदावते. म्हणूनच टॉर्टॉइजएसव्हीएनने फाइलींची स्थिती तपासण्याचे काम एका निराळ्या सहायक प्रोग्रामकडे सोपविले आहे. दुसरी अडचण खुणांची. विंडोजमध्ये अशा खुणांना एकंदर १५ च जागा असून त्यांतील काही विंडोज स्वतःसाठी राखून ठेवते. उरलेल्या जागा नोंदीतील नावांच्या वर्णानुक्रमाने वाटल्या जातात. तेव्हा आपला क्रम वर यावा म्हणून काही प्रोग्राम स्वतःच्या नावाआधी रिकाम्या जागा घालतात! परिणामी काही खुणा उमटतच नाहीत, आणि खूण नाही याचा अर्थ ‘बदल नाही’ की ‘जागा नाही’ हे पाहणाऱ्यास कळत नाही. विंडोज ११ ने २०२१ साली उजव्या बटणाची यादी आटोपशीर केली, तेव्हा जुन्या पद्धतीने लिहिलेल्या जोडांच्या आज्ञा एक पायरी दूर गेल्या.

याहून सूक्ष्म अडचण अर्थाची आहे. एकाच यादीत ‘नाव बदला’ ही आज्ञा दोनदा येते : एक विंडोजची, दुसरी सबव्हर्जनची. पहिली वापरल्यास सबव्हर्जनच्या दृष्टीने जुनी फाइल हरवते व नवी अनोळखी फाइल अवतरते. पूर्वेतिहासाचा धागा तुटण्याचा संभव राहतो. शब्द एकच, अर्थ दोन, आणि भेद सांगणारा संदर्भ नाही. स्वतंत्र प्रोग्रामात शिरताना मात्र आपण निराळ्या व्यवहारात आलो आहोत याची जाणीव आपोआप होते.

आता एककाचा विचार करू. सबव्हर्जनमध्ये मोठ्या संग्रहातील एखादेच फोल्डर उतरवून घेता येते. त्यामुळे फोल्डर हे तेथे स्वाभाविक एकक ठरते. २००५ साली निर्माण झालेल्या गिटची रचना वेगळी आहे. तेथील प्रत्येक कमिट हे संपूर्ण संग्रहाचे चित्र असते व ते आपल्या पूर्वज कमिटांकडे निर्देश करते. हा वंशवृक्ष कोणत्याही एका फोल्डरात मावत नाही. तो पाहण्यास गिटबरोबर मिळणाऱ्या गिट-के सारखी स्वतंत्र खिडकीच हवी. मर्क्युरियलसाठीच्या टॉर्टॉइजएचजीने २०११ मध्ये फाइल-व्यवस्थापकाबाहेरचे ‘वर्कबेंच’ पुढे आणले. टॉर्टॉइजगिटही इतिहास दाखविताना निराळी खिडकीच उघडते. तात्पर्य, दोन पद्धतींमधील सीमा अभेद्य नाही.

देवनागरी नावे देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आज्ञापंक्तीवर गिट मूळच्या व्यवस्थेनुसार अशी नावे अंकांत दाखविते. ‘म’ या एका अक्षराचे तीन बाइट ३४०, २४४, २५६ असे उमटतात. ‘कोअर.कोटपाथ’ ही मांडणी बंद केली म्हणजे नाव वाचता येते. चित्ररूप साधने, दोन्ही प्रकारांतील, या बाबतीत अधिक उपकारक ठरतात.

सारांश, सबव्हर्जनवर ठेवलेल्या व फाइलवार वाटून दिलेल्या कामास फाइल-व्यवस्थापकातील जोड पुरेसा आहे. जेथे शाखा, त्यांचे मीलन व परस्परविरोधी पाठांचा निवाडा करावयाचा असतो, तेथे स्वतंत्र प्रोग्रामच इष्ट. मात्र कोणतेही साधन घेतले तरी खुणेच्या रंगावर विसंबून कमिट करू नये. बदललेल्या फाइलींची यादी व प्रत्यक्ष पाठभेद आधी वाचून पाहावेत. पाठ तपासण्याचे दायित्व संपादकाचे असते, खुणेचे नव्हे.