चिखलाच्या नावाने अर्ज

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या गच्चीवर पडलेलं पावसाचं पाणी कुठल्या समुद्राला मिळतं? पटकन तोंडात येतं, अरबी समुद्राला. मुंबई-कोकण तिकडेच ना! पण नाही. ते खाम नाहीतर सुखना नदीतून शेवटी गोदावरीत जातं, तिच्याबरोबर पूर्वेची वाट धरतं आणि पार आंध्रात, कोरिंगाच्या खारफुटीपाशी, बंगालच्या उपसागरात उतरतं. समुद्र न दिसणाऱ्या मराठवाड्यालाही असा एक किनारा आहे. आता मला सांगा, किनारा सांभाळायला पैसा लागतो, तो देतं कोण? आणि मागायचा कसा?

ही गोष्ट ऐकायला रूक्ष वाटते. प्रत्यक्षात ती थक्क करणारी आहे.

सगळ्यात मोठ्या अर्जापासून सुरुवात करू. दक्षिण कोरियात इंचॉन शहरातल्या साँगडो भागात ‘ग्रीन क्लायमेट फंडा’चं मुख्यालय आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये बहारीनच्या मनामा शहरात या फंडाच्या मंडळाची बैठक भरली आणि तिथे महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांसाठी 4.34 कोटी डॉलरचं अनुदान मंजूर झालं. आपल्या वाट्याला यात सिंधुदुर्ग जिल्हा आला. एकूण प्रकल्प सुमारे 13 कोटी डॉलरचा. म्हणजे फंडाने एक रुपया दिला, तर इथल्या सरकारांनी दोन घालायचे. मागणाऱ्याने आधी स्वतःचा खिसा उघडून दाखवायचा, हा सार्वजनिक निधीचा जगभरचा रिवाज.

आणि अर्ज कोण करतं? गाव नाही, राज्यही नाही. फंडाने आधी पारखून घेतलेली संस्थाच तो सादर करू शकते. इथे ती होती संयुक्त राष्ट्रांची यूएनडीपी. केंद्रीय पर्यावरण मंत्रालय ‘आमची हरकत नाही’ असं पत्र देतं. मग स्वतंत्र तज्ज्ञ अर्जाची चिरफाड करतात. शेवटी चोवीस जणांचं मंडळ बसतं, बारा श्रीमंत देशांकडचे आणि बारा विकसनशील देशांकडचे. एवढ्या चाळण्यांतून गेल्यावर पैसा खाडीकडे निघतो!

या अर्जातला सगळ्यात अवघड प्रश्न कोणता असेल? पैसे किती हवेत, हा नाही. तुमच्या किनाऱ्याचं जे नुकसान होतंय, त्यातलं हवामानबदलामुळे किती, हे दाखवा! कुणी कुऱ्हाड चालवली, कुणी भराव टाकला, ते वेगळं काढायचं आणि वाढत्या समुद्राचं, चढत्या वादळांचं माप वेगळं मांडायचं. आणि आम्ही काहीच केलं नाही तर काय होईल, तेही लिहायचं. न घडलेल्या भविष्याचा हिशेब! विचार करून बघा, किती विलक्षण मागणी आहे ही.

अर्जात आणखी एक रकाना असतो, हा किनारा किती कार्बन धरून ठेवेल याचा. त्याचं उत्तर चिखलात सापडतं. भरतीच्या खाडीत तिवराचं झाड पाहा. पान हातात घेतलं तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकतात. नको असलेलं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. बुंध्याभोवती चिखलातून वीतभर मुळं सरळ वर आलेली असतात, हवा घ्यायला, कारण त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. आता खरी कमाल पुढे आहे. प्राणवायू नाही म्हणून तिथे पडलेली पानं, मेलेली मुळं नीट कुजत नाहीत. त्यांतला कार्बन शतकानुशतकं गाळात गाडलेला राहतो. म्हणजे ज्या कारणामुळे झाडाला जमिनीबाहेर श्वास घ्यावा लागतो, त्याच कारणामुळे अर्जातला हा रकाना भरतो. या प्रकल्पाच्या कागदांत तो आकडा आहे 35 लाख टन कार्बन डायऑक्साइड.

मग रोपं लावली की झालं? अजिबात नाही, आणि माझ्या मते जाणता अर्ज इथेच ओळखू येतो. आपण सुरुवातीला ज्या कोरिंगापर्यंत गेलो, तिथे गोदावरीच्या मुखाशी जुन्या काळच्या तोडीनंतर जमीन सुकून इतकी खारट झाली होती की काही उगवेना. भारत-कॅनडा पर्यावरण निधीच्या पैशातून स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान आणि वन खात्याने तिथे काय केलं? माशाच्या काट्याच्या आकाराचे चर खणले, एक मुख्य आणि त्याला तिरके फाटे. भरतीचं पाणी आत-बाहेर खेळू लागलं, मीठ धुऊन निघालं आणि रोपं जगू लागली. खर्च रोपांइतकाच पाण्याच्या वाटेवर!

आता आपल्या गावपातळीवर या. महाराष्ट्राने 2012 मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन (म्हणजेच खारफुटी) कक्ष उभा केला. 2017 पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना सुरू झाली. गावाने सह-व्यवस्थापन समिती स्थापायची, कांदळवन राखायचं, आणि मग खेकडेपालन, कालवेपालन, शोभिवंत मासे, पर्यटन यासाठी मदत मागायची. गटाच्या प्रकल्पाला सरकारचा वाटा 90 टक्के, एकट्यादुकट्याला 75. उरलेलं आपण घालायचं; मनामातला तोच रिवाज इथे खाडीकाठी! वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायका पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात, तेही अशाच निधीच्या आधाराने सुरू झालं. झाड उभं आहे म्हणून घरात पैसा येतो.

आणि सगळ्यात छोटा अर्ज? तो मला सर्वांत जास्त आवडतो. जाळ्यात कासव किंवा बहिरी (व्हेल शार्क) अडकला, तर मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडायचं. त्याचे फोटो-व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचे आणि कापलेल्या जाळ्याची 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई घ्यायची. डिसेंबर 2018 पासून ही योजना आहे. भर समुद्रात कोयता चालवणाऱ्या माणसाला सरकार सांगतं, तुझं नुकसान आमचं. शेकडो पानांच्या प्रस्तावात आणि या दोन-चार फोटोंत प्रश्न एकच असतो: तुम्ही काय वाचवलंत, ते दाखवा.

तुमचं गाव, आजोळ किंवा सासर खाडीकाठी असेल तर पुढच्या खेपेला ग्रामपंचायतीत एवढं विचारा, आपल्याकडे कांदळवन सह-व्यवस्थापन समिती आहे का? नसेल, तर ग्रामसभेत विषय मांडा आणि कांदळवन कक्षाच्या जवळच्या कार्यालयात जा. समितीशिवाय गावाला कांदळवन उपजीविका योजनेचं दार उघडत नाही.